मधल्या दाढेचा प्रश्न शेजारच्या दातांना विचारा

डॉक्टर, नमस्कार. माझं वय 49, राहणार तासगाव तालुका. तीन वर्षांपूर्वी उजवीकडची खालची मोठी दाढ किडली म्हणून काढली. तिच्या मागच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, पण कॅप पैशाअभावी राहून गेली. पुढच्या दातात जुनी चांदी भरलेली आहे. गेल्या वर्षी डावीकडची खालची शेवटची दाढही काढली. तिच्यामागे अक्कलदाढ आलीच नव्हती. आता डॉक्टर म्हणतात, दोन्हीकडे ब्रिज करू. उजवीकडे तीन युनिट. डावीकडे पुढच्या दोन दातांना कॅप घालून त्यांना मागे एक दाढ जोडायची, म्हणजे तीही तीन युनिट. धातू-सिरॅमिकचे युनिटला 4,000, झिरकोनियाचे 9,000. दात एक नाही तर पैसे तीन दातांचे का? जाऊबाई म्हणतात, चांगले दात तासायला देऊ नकोस. पुण्यातला मुलगा म्हणतो, इम्प्लांट कर, 40,000 मी देतो. आमच्याकडे बाजारच्या दिवशी एक जण बसतो, तो 500 रुपयांत तासाभरात फिक्स दात बसवून देतो, शेजारणीने बसवलाय. मला शुगर आहे, तीन महिन्यांची सरासरी 8.4 आली. मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. आणि लिहायला संकोच वाटतो, पण सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. काय करू?

ताई, नमस्कार.

कुठल्या दातात काय भरलंय, कुठे रूट कॅनल झालंय, हे तुम्ही लिहिलंत म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर बहुतेक पत्रांत ‘एक दाढ नाही, ब्रिज करू की इम्प्लांट?’ एवढंच असतं आणि त्यावर मला काहीच सांगता येत नाही. ब्रिज करायचा की नाही हे रिकाम्या जागेकडे बघून ठरत नसतं. तिच्या दोन्ही अंगांचे दात कसे आहेत, त्यांना एरवीही कॅप लागणारच होती का, जास्तीचा भार ते पेलतील का, यावर ते ठरतं. तुमच्या तोंडात जागा दोन रिकाम्या आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. उजवीकडे ब्रिज करा. डावीकडे करू नका.

आधी पैशांचं, कारण तो प्रश्न तुम्ही सरळ विचारलाय आणि दवाखान्यात तो विचारायला लोक लाजतात. ब्रिजमध्ये मधला खोटा दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याला मूळ नसतं. तो उभा राहतो शेजारच्या दोन दातांवर. ते दोन्ही दात चारी बाजूंनी तासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅपा घालायच्या आणि मधला दात त्या कॅपांना जोडलेलाच प्रयोगशाळेतून येतो. दिसायला तीन दात, पण वस्तू एकच. लॅबवाले हिशोब नगावर करतात, डॉक्टरही तसाच लावतात, म्हणून एका दाढेच्या बदल्यात तीन युनिटांचं बिल होतं. यात फसवणूक नाही.

आता तुमचा हिशोब मांडू. रूट कॅनल झालेल्या मागच्या दाढेला कॅप हवीच आहे. इतकी वर्षं ती तशीच टिकली हे नशीब समजा. अशी दाढ आतून पोकळ झालेली असते, एखाद्या दिवशी भाकरीच्या कडक पोपड्यावर किंवा फुटाण्यावर उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की काढण्यावाचून इलाज नसतो. पुढच्या दातातली जुनी चांदी मोठी असेल तर त्यालाही आज ना उद्या कॅप लागणारच. म्हणजे 12,000 मधले 8,000 तुम्हाला तसेही घालवायचे होते. मधली दाढ तुम्हाला पडतेय 4,000 रुपयांना. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, केलंत, तर 40,000 त्याचे आणि या दोन कॅपांचे 8,000 वेगळेच.

जाऊबाई मात्र तत्त्वाला धरून बोलताहेत, त्यांचं ऐकून सोडून देऊ नका. कॅपसाठी दात तासताना वरून दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनीही थर काढावा लागतो. हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग त्यात जातो आणि दाताचं वरचं आवरण पुन्हा कधी येत नाही. तुमचे शेजारचे दोन्ही दात निरोगी, अखंड असते तर मीही म्हणाले असते की त्यांना हात लावू नका, मुलाचं ऐका. निरोगी दात तासण्यापेक्षा इम्प्लांट चांगलं, याबद्दल हल्ली फारसा वाद उरलेला नाही. पण तुमचे दोन्ही दात आधीच अधू आहेत. जाऊबाईंचा नियम बरोबर आहे, तुमच्या उजव्या बाजूला तो लागू होत नाही एवढंच.

तरी हा ‘करा’ एका अटीवर आहे. मागच्या दाढेचा नवा एक्स-रे काढल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. तीन गोष्टी पाहायच्या असतात. जुनं रूट कॅनल मुळाच्या टोकापर्यंत नीट भरलंय का आणि टोकाशी काळा डाग, म्हणजे जंतूसंसर्ग, तर नाही. डाग असेल तर ते रूट कॅनल आधी पुन्हा करून घ्यायचं. ब्रिज चिकटवल्यावर ते काम निघालं तर नव्या कॅपमधून भोक पाडावं लागतं किंवा अख्खा ब्रिज कापावा लागतो. दुसरं, मुळाभोवतीचं हाड शाबूत आहे का, कारण हलणाऱ्या दातावर ब्रिज बांधणं म्हणजे तोही दात घालवणं. तिसरं, कीड काढल्यावर हिरडीच्या वर चांगल्या दाताची निदान दोन मिलिमीटर उंचीची कड सगळीकडून शिल्लक राहते का. कॅप त्या कडेला मिठी मारून बसते. नुसत्या सिमेंटच्या भरावावर बसवलेली कॅप वर्ष-दोन वर्षांत भरावासकट हातात येते.

यातलं काही बिनसलं आणि ती दाढ ब्रिजच्या लायकीची नाही असं निघालं, तर मग मुलाचं इम्प्लांट खरोखर विचारात घ्यायचं. त्याआधी जबड्याचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे सगळ्या बाजूंनी हाड दाखवणारा एक्स-रे, काढतात, कारण खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठाची नस जाते आणि दात काढल्यावर तीन वर्षांत हाडाची उंची-रुंदी कमी झालेली असते. काढता-घालता येणारा एकच सुटा दात हा स्वस्त पर्याय कुणी सुचवेल. एका बाजूच्या एवढ्याशा कवळीला मी तरी नाहीच म्हणते. ती झोपेत किंवा जेवताना गिळली जाण्याची भीती असते.

तीन वर्षं जागा रिकामी राहिली की शेजारीपाजारी हलतात. मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ खालच्या मोकळ्या जागेत उतरू लागते. आरशात स्वतःच बघा, उजवीकडची वरची दाढ बाकीच्यांपेक्षा लांब दिसते का? दिसत असेल तर डॉक्टर तिचं टोक थोडं घासून सपाट करतील. त्याला घाबरू नका, ते केलं नाही तर खालचा खोटा दात इतका बुटका होतो की त्याला ताकदच राहत नाही. आणखी एक विचारून ठेवा: चांदी भरलेल्या पुढच्या दाताचं रूट कॅनल करणार का, आणि कशासाठी? ब्रिज म्हटलं की दोन्हीकडच्या दातांची नस सरसकट काढण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत आहे. दात जिवंत असेल, कीड आतल्या नसेला पोचली नसेल, दात फार कललेला नसेल, तर नस तशीच ठेवून कॅप घालता येते. पुढे काही वर्षांनी काही दातांची नस मरते आणि तेव्हा रूट कॅनल करावं लागतं, हे खरं आहे. पण पुढे कदाचित लागेल म्हणून आजच जिवंत दात मारायचा हे मला पटत नाही.

आता डावी बाजू. तिथे शेवटची दाढ गेलीय, तिच्यामागे आधाराला काहीच नाही. डॉक्टरांनी सुचवलेला ब्रिज पुढच्या दोन दातांवर उभा राहून मागे एक दाढ अधांतरी धरून ठेवणारा आहे, म्हणजे एकाच बाजूच्या कड्यांवर टांगलेला झोपाळा. जबडा बिजागरीसारखा मिटतो, त्यामुळे जितकं मागे जाल तितका चावण्याचा जोर वाढतो. सगळ्यात जास्त जोर येतो तिथेच खाली आधार नाही. मग प्रत्येक घासाला पुढचे दात मागे उपटल्यासारखे ओढले जातात, सिमेंट सुटतं, कॅपखाली कीड शिरते किंवा दातच मोडतो. समोरच्या भागात, हलका जोर असलेल्या जागी अशी एकतर्फी रचना चालते. खालच्या शेवटच्या दाढेला नाही. त्यात तुमचे तिथले दोन्ही दात चांगले असावेत, कारण त्यांच्याबद्दल पत्रात तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. जाऊबाईंचा नियम इथे शंभर टक्के लागू पडतो.

मग तिथे काय करायचं? काहीच नाही. हे ऐकून पेशंटचा चेहरा पडतो, पण शेवटची दाढ नसली तरी माणसाचं चावणं अडत नाही. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या कायसर नावाच्या दंतवैद्यांनी 1981 मध्येच हे मांडलं होतं की मागच्या दाढा गेल्या तरी पुढचे दात आणि उपदाढा यांच्या वर-खाली जुळणाऱ्या जोड्यांवर बहुतेक लोकांचं खाणं व्यवस्थित चालतं. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असं नाही. जपानमध्ये 1989 पासून सरकार आणि दंतवैद्यांची संघटना लोकांना सांगताहेत की वयाच्या 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात टिकवा. अठ्ठावीस नव्हेत, वीस. तुमच्याकडे त्याहून बरेच जास्त आहेत. फक्त वर्षातून एकदा डावीकडची वरची शेवटची दाढ खाली उतरत नाही ना, हे तपासून घ्या. खालच्या मोठ्या दाढेला ती थोडी जरी टेकत असली तरी जागच्या जागी राहते.

बाजारात बसणाऱ्या माणसाबद्दल थोडक्यात सांगते. तो शेजारच्या दातांना तार गुंडाळतो आणि त्यावर प्लास्टिकचा लगदा ओतून तो घट्ट होऊ देतो. त्याला ‘फिक्स’ म्हणायचं कारण तो निघत नाही, आणि निघत नाही म्हणून खालून कधीच साफ होत नाही. हिरडी कुजते, तार बांधलेले चांगले दात हलायला लागतात आणि एकाच्या जागी तीन दात जातात. कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला हे काम करताच येत नाही. शेजारणीलाही सांगा, तिने तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

शुगर 8.4 आहे म्हणून ब्रिज अडत नाही, कारण त्यात चिरफाड नसते. पण शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर सुजतात आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे शुगरही आटोक्यात यायला त्रास होतो, हे दोन्ही बाजूंनी चालतं. म्हणून पहिलं काम हिरड्यांच्या सफाईचं, ब्रिजचं नंतर. सुजलेल्या हिरडीचं घेतलेलं माप चुकतं, सूज उतरल्यावर कॅपची कड उघडी पडते. तुमच्या शुगरच्या डॉक्टरांनाही भेटा. साधारण 7 च्या आसपास आणायचं बघा. इम्प्लांटची वेळ आलीच तर ते फारच गरजेचं होईल, हाडात स्क्रू मुरायला शुगर ताब्यात लागते. आणि दातांच्या दवाखान्यात उपाशी जाऊ नका. नाश्ता करून, गोळी घेऊन सकाळची वेळ घ्या. उपवास धरून, रिकाम्या पोटी खुर्चीत बसलेल्या शुगरच्या बायका घेरी येऊन पडतात.

मशेरीचं लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या बायका हे सगळ्यात शेवटी, दारातून बाहेर पडताना सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी दातापासून खाली सरकते, मूळ उघडं पडतं, आणि कॅपची कड बरोबर तिथेच असते. आज बेमालूम बसलेली कड हिरडी उतरली की उघडी पडते आणि त्या फटीत कीड लागते. ब्रिज सहसा मोडून जात नाहीत, ते खालच्या दाताला लागलेल्या या किडीनेच जातात. म्हणजे 12,000 रुपये टिकतील की नाही हे निम्मं मशेरीच्या डबीवर आहे. कर्करोगाचं तुम्हाला माहीत आहेच. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना गालाच्या आतली बाजू आणि मशेरी ठेवता ती जागा मुद्दाम दाखवा, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर ते काम दाढेच्या आधीचं. एकटीने सुटत नसेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

धातू-सिरॅमिक की झिरकोनिया, म्हणजे धातूशिवायचं पांढरं सिरॅमिक, यावर लोक फार डोकं शिणवतात. मागच्या दाढांना दोन्ही चालतात. धातू-सिरॅमिकवरचा पांढरा थर कधीतरी कपच्यासारखा उडतो आणि कालांतराने हिरडीजवळ करडी रेघ दिसते; खालच्या दाढेची ती रेघ कोण बघायला येतंय? एकसंध झिरकोनिया कणखर असतो, पण डॉक्टरांनी चावा जुळवताना तो घासला तर पुन्हा गुळगुळीत करायलाच हवा, खरखरीत राहिला तर समोरचा दात झिजवतो. नकली कानातल्याने तुमचे कान खाजत असतील तर आधी सांगा, काही धातूंत निकेल असतं. मग निकेल नसलेला धातू किंवा झिरकोनिया घ्यावा लागेल. नाहीतर 4,000 वाला घ्या आणि उरलेले लग्नात खर्च करा. झिरकोनियासोबत मिळणाऱ्या वॉरंटी कार्डावर भाळू नका. ते कार्ड मटेरियलचं असतं, खालचा दात किडला तर त्याचा उपयोग नाही. मेडिक्लेमही सहसा अपघात असल्याखेरीज याचे पैसे देत नाही.

दीड महिन्यात उजवी बाजू होऊ शकते. सफाईनंतर हिरड्या बसायला आठ-दहा दिवस द्या. मग दाताचा भराव, मग एका बैठकीत बधिर करून दात तासणं आणि माप. लॅबमधून ब्रिज यायला साधारण आठवडा लागतो. मधल्या काळासाठी तात्पुरती कॅप मागून घ्या, नाहीतर तासलेल्या जिवंत दाताला गार पाणीही सोसत नाही. दातांचा रंग तासण्याच्या आधी, दिवसाच्या उजेडात जुळवायला सांगा. तासताना दात कोरडे पडून पांढुरके दिसतात आणि मग रंग चुकतो. ब्रिज बसवताना रंगीत कागद चावायला देतात. तोंड बधिर असेल तर तुम्हाला नीट कळत नाही, म्हणून बधिरपणा गेल्यावर पहिल्या जेवणात ‘तिथेच आधी टेकतंय’ असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी जा. सवय होईल म्हणून थांबू नका. रूट कॅनल पुन्हा करायचं निघालं तर मात्र घाई करू नका, लग्न झाल्यावर बघा. खालची दाढ फोटोत येत नाही.

दुसरं मत हवं असेल तर कवलापूरचं दंत महाविद्यालय तुमच्या तासगाव-सांगली रस्त्यावरच आहे. तिथे कृत्रिम दातांचा वेगळा विभाग असतो, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, खेपा जास्त होतात, पण खर्च सहसा कमी येतो आणि तिथे तुम्हाला घाईने खुर्चीतून उठवत नाहीत. एक्स-रे मात्र आपल्या ताब्यात ठेवा, तो तुमचा आहे.

पुढची काळजी. चांगल्या रीतीने केलेल्या दहांपैकी साधारण नऊ ब्रिज दहा वर्षांनीही तोंडात असतात, पण त्यासाठी मधल्या दाताच्या खालची फट रोज साफ व्हायला लागते. तिथे नुसती चूळ भरून भागत नाही. मेडिकलमध्ये बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे ब्रश मिळतात, किंवा एका टोकाला कडक असलेला सुपरफ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, मिळतो. तो गालाच्या बाजूने आत घालायचा, जिभेच्या बाजूने ओढायचा, रात्री झोपताना. कसं करायचं ते ब्रिज बसवला त्याच दिवशी आरशासमोर करून दाखवायला सांगा, आणि स्वतःच्या हाताने करून बघितल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. घाण वास यायला लागला, किंवा ब्रिज चावताना किंचित वरखाली होतोय असं वाटलं, तर दुखायची वाट पाहू नका. रूट कॅनल झालेली दाढ किडली तरी दुखत नाही, नसच नसते. आणि कधी ब्रिज सुटून हातात आलाच तर फेव्हिक्विकने चिकटवू नका, तसा चिकटवलेला ब्रिज पुन्हा नीट बसत नाही आणि दात भाजतो. डबीत घालून दोन-तीन दिवसांत घेऊन जा; खालचे दात किडलेले नसतील तर बऱ्याचदा तोच साफ करून परत बसवता येतो.